हायवेवर गाडी बंद पडली तर आधी डावीकडे

सातारच्या एका २६ वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ती शिरवळ एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे आणि आठवड्यातले सहा दिवस बाइकवरून जाऊन-येऊन करते. सकाळी खंबाटकीचा बोगदा, संध्याकाळी घाट. गाडी बाबांची जुनी, १२५ सीसीची. गेल्या महिन्यात एका शनिवारी मामेभावाला मागं बसवून परत येताना भुईंजच्या पुढं, सगळ्यात उजव्या लेनमध्ये, सत्तरच्या वेगात चेन तुटली. 'कडकड आवाज झाला आणि रेस दिली तरी गाडी ओढेना. काही सुचलंच नाही. दुभाजक जवळ होता म्हणून ब्रेक दाबला आणि तिथंच थांबले.' दोघं भावंडं अर्धा तास दुभाजकाच्या कडेला बसून चेन जोडायची खटपट करत होती. अंधार पडला. शेवटी रस्त्याकडेच्या धाब्यावरची दोन माणसं बॅटऱ्या घेऊन धावली, गाड्या थांबवल्या आणि यांना पलीकडे आणलं. आता बाबा म्हणतात गाडी विकून टाक. दादा म्हणतो मुलींनी हायवेला बाइक घालूच नये. ती विचारते, 'चेन बदलून वर्षच झालं होतं. दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करते. मग माझं काय चुकलं? गाडी सोडू, हप्त्यावर नवी घेऊ, की नोकरीच बदलू? खरं सांगते ताई, मागून ट्रकचा हॉर्न वाजला तरी आता हात थरथरतात.'

तुम्ही दोघं सुखरूप घरी आलात, हे सगळ्यात आधी. बाकीचं सगळं दुरुस्त करता येतं.

तुझं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. त्यात चेन तुटणं आणि अर्धा तास दुभाजकाला थांबणं हे तू एकच संकट धरलं आहेस. मला ती दोन वेगळी संकटं दिसतात. पहिलं काही सेकंदांत संपलं आणि त्यातून तू गाडी न पाडता बाहेर आलीस. तुटलेली चेन खाली गळून पडली हे चांगलं झालं, कारण तीच चेन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीत, अडकली असती तर मागचं चाक जागच्या जागी धरलं असतं. दुसरं संकट अर्धा तास चाललं, आणि जिवावरचा धोका होता तो त्या अर्ध्या तासात. घरात सगळी चर्चा मात्र पहिल्याबद्दल चालली आहे: गाडी जुनी, चेन खराब, मुलगी बाइकवर. गाडी विकलीस तर पहिलं संकट टळेलही कदाचित. पण उद्या नव्याकोऱ्या गाडीच्या चाकात खिळा घुसला आणि तू पुन्हा उजवीकडेच थांबलीस, तर काय?

उजवीकडे थांबणं इतकं वाईट का, ते सांगते. पुणे-सातारा टप्प्यात एका बाजूला तीन लेन आहेत. त्यातली दुभाजकाजवळची सगळ्यात वेगाची. तिथं येणारा माणूस ओव्हरटेकच्या नादात असतो आणि समोर एखादी गाडी उभी असेल हे त्याच्या डोक्यातही नसतं. शंभरच्या वेगातली मोटार सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तरी ब्रेक लागायच्या आधीच ४० मीटर गेलेले असतात. आणि पहिल्या मोटारीनं ऐनवेळी हँडल मारून तुला चुकवलं, तर तिच्या मागच्याला तू दिसतेस ती तेव्हाच, त्याच्याकडे तर तेवढाही वेळ नसतो.

तुला सुचलं नाही, कारण हे कुणी शिकवतच नाही. लायसन्ससाठी आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवायचा असतो. हायवेवर गाडीनं दगा दिला तर काय करायचं, हे दादालाही कुणी शिकवलेलं नसणार.

तर मुद्दा हा. इंजिन गेलं तरी गाडीचा वेग लगेच जात नाही. सत्तरच्या वेगात क्लच दाबून गाडी मोकळी सोडली तर सपाट रस्त्यावर दोन-तीनशे मीटर ती सहज जाते. तुझी तर चेनच नव्हती, म्हणजे मागचं चाक पूर्ण मोकळं होतं. हा उरलेला वेग ही अशा वेळी हातातली एकमेव शिल्लक असते आणि ती डावीकडे जाण्यासाठीच खर्चायची असते. ब्रेक दाबलास तेव्हा ती संपली. मनाचा कल 'गाडी बिघडली, थांबव' असा असतो, तो बदलायचा आहे. गाडी बिघडली की ती आधी बाजूला न्यायची, थांबवायचं त्यानंतर.

प्रत्यक्षात ते असं होतं. रेस सोडायची, क्लच दाबायचा, डावा इंडिकेटर लावायचा. चावी चालूच ठेवायची, नाहीतर इंडिकेटर आणि मागचा लाइट दोन्ही जातात. आरशात बघायचं, मग मान वळवून डाव्या खांद्यावरून एकदा बघायचं, कारण आरशात न दिसणारी बाइक किंवा छोटा हत्ती नेमका तिथंच असतो. मग एक लेन ओलांडायची. पुन्हा बघायचं, मग दुसरी. तिरकी एकदम झेप घ्यायची नाही. मागं कुणी बसलं असेल तर त्याला डावा हात आडवा धरून हलवायला सांगायचं. मागच्या ट्रकवाल्याला छोट्या इंडिकेटरपेक्षा तो हात आधी दिसतो. मामेभावाला हे आधी सांगून ठेवता आलं असतं. तसंच मागच्यानं घाबरून पाय खाली टेकायचे नाहीत आणि उडी मारायची नाही, हेही.

पांढऱ्या पट्टीच्या बाहेर आलीस की डांबरावरच वेग मोड, मग मातीत उतर. वेगात मातीवर गेलं तर पुढचं चाक सरकतं. पुलावर किंवा उड्डाणपुलावर असशील तर जमेल तितकं रेटत पुढं जा, तिथं बाजूला जागा नसते. सर्व्हिस रोडला उतरायची फट जवळ असेल तर तिथवर पोचायचा प्रयत्न कर. पंक्चर चाकावर हळूहळू शंभर-दोनशे मीटर गेल्यानं टायर-ट्यूब खराब झाली तर होऊ दे.

आणि वेग अगदीच कमी पडला, मधल्या लेनमधून वाहनांची रांगच चालली आहे, डावीकडे जाताच येत नाही, असं झालं तर? तर दुभाजकाला चिकटून थांब, पण गाडीजवळ एक क्षणही राहू नकोस. दोघांनी दुभाजकावर चढायचं, झुडपांत शिरायचं आणि ज्या दिशेनं गाड्या येतात त्या दिशेला वीस-तीस पावलं मागं चालत जायचं. पुढं जायचं नाही. कुणी गाडीला ठोकलं तर ती पुढच्या बाजूला फेकली जाते. तिथून फोन करायचा आणि मदत येऊन लेन अडवेपर्यंत वाट बघायची. गाडी गेली तर जाऊ दे. चेन जोडायला बसायचं नाही, आणि गाडी ढकलत तीन लेन पार करायच्या तर नाहीच नाही. धाब्यावरच्या त्या दोघांनी जे केलं ते जिवावर उदार होऊन केलं. त्यांना एकदा जाऊन भेटून ये.

चेन हा एकच प्रकार नाही, म्हणून बाकीचेही सांगते. हे सदर वाचणारे बरेच जण तुझ्यासारखेच कराड, वाई, शिरवळ असं रोजचं ये-जा करणारे आहेत.

क्लचची वायर तुटली तर घाबरायचं कारण सगळ्यात कमी. गाडी चालूच राहते, फक्त इंजिन चाकापासून सोडवता येत नाही. त्याच गिअरमध्ये रेस कमी करत डावीकडे ये. रेस पूर्ण सोडली की बिनक्लचचाही गिअर खाली पडतो, थोडा झटका बसतो इतकंच. शेवटी ब्रेक लावून थांबताना गाडी गचका खाऊन बंद पडेल, त्याला तयार राहा. रेस अडकणं मात्र भीतीदायक. वायर गंजलेली असेल किंवा मूठ वाकडी बसली असेल तर सोडूनही रेस कमी होत नाही. अशा वेळी मूठ एकदा मागं-पुढं फिरवून बघ, नाही सुटली तर क्लच दाब आणि त्याच क्षणी इंजिन बंद करायचं लाल बटन. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. जुन्या गाड्यांना ते बटन नसतं, तिथं क्लच दाबून ठेवायचा आणि चावी एक घर फिरवून बंद करायची, उपसून काढायची नाही. चालत्या गाडीत चावीनं हँडल लॉक होईल अशी भीती अनेकांना वाटते. हँडल पूर्ण एका बाजूला वळवल्याशिवाय ते लॉक बसत नाही.

इंजिन जॅम होणं आणि चेन अडकणं या दोन्हीत मागचं चाक अचानक धरतं, पण उपाय वेगळे आहेत. इंजिन जॅम झालं असेल तर क्लच दाबताच चाक सुटतं, म्हणून हायवेला डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असावीत असं मी सगळ्यांना सांगते. जुन्या गाडीत ऑइल कमी झालेलं असतं, घाटात चढताना इंजिन तापतं, आधी ओढ कमी होते, मग खडखड ऐकू येते. ती खडखड ऐकू आली की पुढच्या फाट्यापर्यंत ओढू नकोस. चेन अडकली असेल तर क्लच काही करू शकत नाही. तिथं हँडल सरळ धरायचं, नजर लांब रस्त्यावर ठेवायची, पुढचा ब्रेक अगदी हलक्या हातानं लावायचा, आणि गाडी ज्या लेनमध्ये असेल त्याच लेनमध्ये सरळ थांबू द्यायची. थांबली की उतरून लगेच रस्त्याबाहेर.

टायरचं एक सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे: जे चाक गेलंय त्याचा ब्रेक लावायचा नाही. पुढचं टायर बसलं तर हँडल जड होतं आणि एका बाजूला ओढ घेतं. मुठी घट्ट, रेस हळूहळू कमी, आणि ब्रेक मागचा, हलका. मागचं बसलं तर गाडी शेपटी हलवल्यासारखी डुलते; तिथं पुढचा ब्रेक हलक्या हातानं. दोन्हींत अचानक काहीच करायचं नाही. ट्यूबवालं टायर खिळा लागला की पटकन बसतं, ट्यूबलेस बहुतेक वेळा हळूहळू हवा सोडतं आणि तेवढा वेळ देतं. तुझ्या गाडीचं रिम ट्यूबलेस टायर घेण्याजोगं असेल तर पुढच्या वेळी टायर बदलताना त्याचा विचार कर.

पेट्रोल संपणं हाही बिघाडच, आणि तो पूर्ण टाळता येतो. जुनी गाडी मिसिंग करायला लागली की टाकीखालचा कॉक न बघता रिझर्व्हला फिरवता यायला हवा. घरी उभ्या गाडीवर बसून हाताला सवय कर.

ब्रेकबद्दल तुझ्या रस्त्यापुरतं सांगते. सकाळी बोगद्यातून बाहेर पडल्यावर खंडाळ्याच्या बाजूचा तो वळणाचा उतार तुला माहीतच आहे. तिथं किती अपघात झाले आहेत हे या भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पेट्रोल वाचवायला तिथं गाडी न्यूट्रल करून सोडणारे रोज दिसतात. असं कधीही करू नकोस. गिअरमधली गाडी इंजिनानं धरून ठेवलेली असते, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, आणि सतत दाबून तापलेला ब्रेक लागेनासा होतो. ब्रेक ढिला लागला तर लिव्हर पटापट दोन-तीनदा दाबून बघायचा, दुसरा ब्रेक वापरायचा, आणि एकेक गिअर खाली आणत वेग मोडायचा. आणि गाडी बोगद्याआधी, वेळे गावाच्या आसपासच कुरकुर करत असेल तर बोगद्यात शिरूच नकोस. आत बाजूला व्हायला जागा नाही. बाहेर थांबून झालेला उशीर चालेल, शिफ्टचा एक लेट मार्क चालेल.

आता गाडी डावीकडे येऊन थांबल्यावरचं. लोक सगळ्यात जास्त गाफील असतात ते इथंच, कारण आता सुटलो असं वाटतं. मागं बसलेल्यानं डाव्या बाजूनं आधी उतरायचं आणि रस्त्याबाहेर, पत्र्याचा कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जायचं. मग तू. गाडी साइड स्टँडवर, इंडिकेटर चालू. स्वतः गाडीपासून लांब, आणि पुन्हा तेच: गाड्या येतात त्या बाजूला, पुढं नव्हे. रात्री गाडीच्या मागं उभं राहून फोन लावणारे मी कितीतरी पाहते. मागचा लाइट तेवढा दिसत असतो आणि तोही ते स्वतःच्या अंगानं झाकतात. गाडीच्या मागच्या नंबर प्लेटजवळ आणि हेल्मेटच्या मागं चमकणारी पट्टी लाव. काही रुपयांची गोष्ट आहे. डिकीत किंवा सॅकमध्ये एक बॅटरी ठेव. मोबाइलचा उजेड पुरत नाही, आणि फोनची चार्जिंग तेव्हा फोनसाठीच हवी असते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये भुईंज आणि शेंद्रे भागात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकींना मागं लाइट नसतो. एखादा मोटारवाला शेवटच्या क्षणी ट्रॉली चुकवायला डावीकडे घुसतो आणि तिथं तू उभी असतेस. म्हणून कठड्याच्या पलीकडे जाण्याबद्दल मी इतकी आग्रही आहे.

आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल तळमळीनं सांगायचं आहे. बंद पडलेल्या गाडीमागं दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायच्या, आणि गाडी सुरू झाली की ते तसेच टाकून निघून जायचं. रात्री त्या दगडावरून जाणारा बाइकवाला मरतो. ठेवले असतील तर उचलूनच निघायचं. दुसरी, बंद गाडीला मागच्या बाइकवाल्यानं फूटरेस्टवर पाय लावून ढकलत नेणं. गावात ठीक, सर्व्हिस रोडवर अगदी सावकाश एक वेळ चालेल, पण हायवेच्या लेनमध्ये दोन गाड्या एकमेकींना पायानं जोडलेल्या असताना दोघांपैकी कुणालाच धड ब्रेक लावता येत नाही. कुणी आपुलकीनं 'चला, पाय लावतो' म्हटलं तरी नको म्हण. त्यांना म्हण, तुमची गाडी डावीकडे आमच्या पुढं घेऊन थांबा आणि गॅरेजवाल्याला फोन लावायला मदत करा.

फोन कुणाला? राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, दिवस-रात्र चालू असतो. पेट्रोलिंगची गाडी, क्रेन, अॅम्ब्युलन्स हे त्यावरून मिळतं. आपण टोल भरत नाही म्हणून दुचाकीला मदत मागायची नाही, असा एक संकोच मी अनेकांच्या तोंडून ऐकते. तो बाजूला ठेव. रस्त्यात उभी असलेली कोणतीही गाडी हा सगळ्यांनाच धोका आहे. कुणाला लागलं असेल तर १०८, आणि एकटी असताना असुरक्षित वाटलं तर ११२. ठिकाण सांगताना नुसतं 'भुईंजच्या पुढं' म्हणू नकोस. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि 'पुण्याकडून साताऱ्याकडे जाणारी बाजू' एवढं सांगितलं की गाडी चुकीच्या बाजूला येत नाही. आणि हा फोन कठड्याच्या पलीकडे पोचल्यावर, आधी नाही.

आता चेनकडे येते, कारण 'वर्षच झालं होतं' हे तुझं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सातारा ते शिरवळ जवळपास ६० किलोमीटर, म्हणजे दिवसाला १२०. सहा दिवसांचे ७२०. महिन्याला तीन हजार. वर्षाला साधारण ३५ हजार किलोमीटर! राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाणाऱ्या गाडीला इतकं चालायला कित्येक वर्षं लागतील. तुझी चेन एक वर्षाची नव्हती, ती आपलं आयुष्य केव्हाच जगून झाली होती. १२५ सीसीच्या गाडीची चेन नीट ऑइल करूनही २० हजारांच्या आसपास बदलायला येते, म्हणजे तुझ्या हिशेबानं सात महिन्यांत. दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करणं गावातल्या गाडीला शहाणपणाचं आहे. तुझ्या गाडीच्या दोन सर्व्हिसिंगमध्ये नऊ हजार किलोमीटर जातात. तू हयगय केलीस असं मी म्हणत नाही. तू कॅलेंडर बघत होतीस, बघायचा होता तो मीटर. गॅरेजवाल्यांनाही तू रोज शिरवळला जातेस हे बहुधा माहीत नसेल. ते सांग.

चेनला साधारण ५०० किलोमीटरला ऑइल लागतं, म्हणजे तुला दर चार दिवसांनी. पूर्ण चेन कव्हर असेल तर चेन दिसत नाही आणि जे दिसत नाही ते राहून जातं. पण त्या कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून आत बोटानं चेन वर-खाली हलवून बघता येते. अशा गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलाई चालते, तुझ्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. मागचं चाक फिरवताना एका जागी चेन ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, रेस देताना गचके बसत असतील, स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदलायचा. नुसती चेन बदलली की झिजलेले दात नवी चेन खातात. नवीन गाडीच्या एका हप्त्यापेक्षा हा खर्च कमी आहे. आठवून बघ, तुटण्याआधी आठ-पंधरा दिवस खालून करकर येत नव्हती का?

हे सगळं पाहिल्यावर नवी गाडी घ्यायची की नाही, याचं उत्तर थोडं सोपं होतं. ही गाडी हायवेला लायक आहे का हे एकदा नीट तपासून घे. चेनसेट, दोन्ही टायर, ब्रेक लायनर, क्लच आणि रेसची वायर, चाकांचे बेअरिंग, वायरिंग. गोडोलीत किंवा एमआयडीसीत ज्या गॅरेजवर तुझा विश्वास असेल तिथं अर्धा दिवस गाडी सोड आणि स्वतः समोर उभी राहा. इंजिनाचंच मोठं काम निघालं तर नव्या गाडीचा विचार कर, आणि तेव्हा पुढं डिस्क, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जॅम होऊ न देणारी सोय), ट्यूबलेस टायर एवढं बघून घे. वीस-पंचवीस हजारांच्या आत गाडी ठीक होत असेल तर निव्वळ भीतीपोटी तीन वर्षांचा हप्ता मागं लावून घेऊ नकोस.

नोकरी बदलण्याबद्दल तू एका ओळीत लिहिलं आहेस आणि कारण दिलेलं नाही, म्हणून मी ते भीतीतून आलेलं धरते. पण रोज १२० किलोमीटर बाइक चालवणं हे शरीराला फार आहे, चेन तुटली नसती तरी मी हे म्हटलं असतं. आठ तास उभं राहून काम केल्यावर घाट चढणारी व्यक्ती उजव्या लेनमध्ये वेगात असेल तर तिचं लक्ष थकलेलं असणारच. म्हणून 'बाइक किंवा काहीच नाही' असा विचार न करता वाटून बघ. पावसाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत एसटी किंवा कंपनीची बस. बस साताऱ्यापर्यंत येत नसेल तर इथून जाणाऱ्या सगळ्यांनी मिळून एचआरकडे अर्ज द्यावा, एकटीनं मागितलं तर मिळत नाही. रात्री उशिरा सुटणाऱ्या शिफ्टच्या आठवड्यात शिरवळला मैत्रिणींबरोबर खोली. बाइक उरलेल्या दिवसांना, आणि तीही डाव्या किंवा मधल्या लेनमध्ये साठच्या आसपास. साठ किलोमीटरच्या अंतरात सत्तरऐवजी साठनं आलीस तर आठ-नऊ मिनिटांचा फरक पडतो. उजवी लेन ओव्हरटेकपुरती, झालं की लगेच आत.

दादाच्या बोलण्यानं तुला लागलं आहे हे पत्रातून कळतं. चेनला कोण चालवतंय ते कळत नाही. त्याच वेगात, त्याच लेनमध्ये, तितक्याच झिजलेल्या चेननं दादाचीही गाडी बंद पडली असती, आणि शिकवलं नसेल तर तोही दुभाजकालाच थांबला असता. पण त्याच्याशी यावर वाद घालत बसू नकोस. तो घाबरला आहे आणि घाबरलेला भाऊ असंच बोलतो. त्याला कामाला लाव: रविवारी सकाळी लवकर, गर्दी नसताना, एखाद्या मोकळ्या सर्व्हिस रोडवर त्याला घेऊन जा. चाळीसच्या वेगात क्लच दाबून गाडी मोकळी सोड आणि न थांबता किती लांब जाते ते बघ. दोघांनी आळीपाळीनं करा. मग क्लच, इंडिकेटर, आरसा, मान हा क्रम विचार न करता हाताला येईपर्यंत. लाल बटन न बघता सापडेपर्यंत.

हात थरथरतात त्याबद्दल. असा प्रसंग गेल्यावर काही आठवडे शरीर सावध राहतं, त्यात कच्चेपणा काही नाही. लगेच पूर्ण रस्ता करायची जिद्द धरू नकोस. आधी लिंब फाट्यापर्यंत आणि परत, मग आनेवाडी टोलपर्यंत, दिवसाउजेडी. थरथर चालत्या गाडीवर सुरू झाली तर डावीकडे ये, थांब, पाणी पी. महिना-दीड महिन्यानंतरही झोपेत तो हॉर्न ऐकू येत असेल, हायवेचं नाव काढलं तरी छातीत धडधडत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा तुमच्या घरच्या डॉक्टरांना दाखव. तोवर बस.

बाबांना 'गाडी विकणार नाही' असं ठणकावून सांगण्यापेक्षा त्यांच्यासमोर हा सगळा हिशेब मांड: मीटर, चेनसेटची पावती, कोणत्या दिवशी बस आणि कोणत्या दिवशी बाइक. एक गोष्ट त्यांच्याशीच ठरवून घे. गाडी बंद पडली तर तुझा पहिला फोन १०३३ ला जाईल आणि दुसरा त्यांना. त्यांनीही तेव्हा 'तिथंच थांब, मी आलो' म्हणत साताऱ्याहून अंधारात उलट्या बाजूनं स्कूटर घालायची नाही.